भुसावळहून लुंबिनी : विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडणारी पहिली परदेशवारी

परदेशात फिरायला जायचं म्हटलं की आपल्या खान्देशातल्या पोरांचा हिशेब मुंबईपासून सुरू होतो. आधी मुंबई गाठा, मग विमान, व्हिसा, डॉलर. बेत तिथेच मोडतो. पण भुसावळ जंक्शनवरून गोरखपूरकडे गाड्या जातात, आणि गोरखपूरपासून नेपाळची हद्द जेमतेम शंभर किलोमीटरवर आहे. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही. स्लीपरचं तिकीट, एक सरकारी बस आणि थोडं चालणं, एवढ्यात तुम्ही दुसऱ्या देशात असता.

मी आणि वसतिगृहातला माझा मित्र असे दोघं या वाटेनं जाऊन आलो. निघायच्या आधी आम्हाला माहिती मिळाली ती तुकड्या-तुकड्यांत. कोणी म्हणे आधार पुरतं, कोणी म्हणे पासपोर्टशिवाय सोडत नाहीत, कोणी म्हणे पाचशेच्या नोटा चालतात. तुमचा तो गोंधळ वाचावा म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय.

१. ठिकाण एकच ठरवा

नेपाळ म्हटलं की काठमांडू, पोखरा, मुक्तिनाथ अशी यादी डोक्यात तयार असते. दोन-तीन दिवसांत हे बसवायला जाऊ नका. सीमेपासून काठमांडूला बसनं नऊ-दहा तास सहज लागतात, आणि डोंगरातल्या रस्त्याचं काम चालू असेल तर त्याहून जास्त. पोखऱ्यालाही जवळपास तेवढाच वेळ जातो. शनिवार-रविवारात हे करायचं तर तुम्ही नेपाळ पाहणार फक्त बसच्या खिडकीतून.

म्हणून माझं स्पष्ट मत : पहिल्या खेपेला लुंबिनी. सीमेपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, सपाट प्रदेशात, सायकलवर फिरण्याजोगी, आणि राहण्या-खाण्याला स्वस्त. बुद्धाचं जन्मस्थान म्हणून १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. शिवाय आपण अजिंठ्याच्या शेजारचे. ज्यानं अजिंठा पाहिलंय त्याला लुंबिनी दुप्पट दिसते, हे पुढे सांगतोच.

२. तारीख काढताना

खरा मुक्काम शनिवार-रविवारचा, पण त्याच्या दोन्ही बाजूंना रेल्वेचा एकेक दिवस धरावा लागतो. भुसावळ ते गोरखपूर साधारण एक दिवस-एक रात्र. तेव्हा शुक्रवारी किंवा सोमवारी सुट्टी जोडून येत असेल असा आठवडा बघा, किंवा परीक्षा संपल्यानंतरचा. कॉलेजला दोन दिवस दांडी पडणार हे आधीच मान्य करून निघा.

ऋतूचं मात्र नीट ऐका. ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे दिवस उत्तम. मे-जूनमध्ये तिथल्या तराईचं, म्हणजे डोंगरपायथ्याच्या सपाट पट्ट्याचं ऊन आपल्या भुसावळच्या उन्हाच्या जोडीचं असतं, वर दमटपणा. पावसाळ्यात डोंगराकडचे रस्ते दरडींनी बंद पडतात. आणि सगळ्यात मोठा सापळा डिसेंबर-जानेवारीचा : उत्तर प्रदेशात धुकं असं दाटतं की गाड्या कित्येक तास उशिरानं धावतात. ज्याच्या हातात मोजून चार दिवस आहेत त्यानं त्या धुक्यात शिरू नये.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर त्याच सुमारास नेपाळात दशैं आणि तिहार हे सण असतात. भारतात कामाला असलेले हजारो नेपाळी घरी परततात, गोरखपूरच्या गाड्या आणि सोनौलीच्या (हे सीमेवरचं आपल्याकडचं गाव) बस खचाखच भरतात. वैशाखी पौर्णिमेला लुंबिनीत सोहळा मोठा, पण खोली मिळणं अवघड.

निघण्याच्या आठवड्यात बातम्याही बघा. निवडणुकीच्या आधी ही सीमा ७२ तासांपर्यंत बंद ठेवतात. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांचं मोठं आंदोलन झालं, तेव्हा तिथला विमानतळसुद्धा बंद होता. अशा वेळी तिकीट रद्द करायला मागेपुढे पाहू नका.

३. कागदपत्रं : इथेच निम्मे लोक अडकतात

वय १८ च्या पुढे असेल तर दोनच कागद खरे : पासपोर्ट, किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार कार्ड नाही. ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी लोक आधारच घेऊन निघतात, कारण आपल्याकडे आधार सगळीकडे चालतं. नेपाळ प्रवासासाठी आधार, पॅन, लायसन्स ही ओळखपत्रं धरतात ती १५ वर्षांखालच्या मुलांची आणि ६५ वर्षांपुढच्या ज्येष्ठांची. सीमेवर चालत जाताना बहुतेक वेळा कोणी कार्ड विचारतही नाही हे खरं, पण विचारलं तर योग्य कागद हातात हवा. हॉटेलवाला तर हमखास विचारतो.

मतदार ओळखपत्र अजून काढलं नसेल तर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर नमुना ६ भरा. काही खर्च नाही. पडताळणी होऊन कार्ड पोस्टानं घरी येतं, पण त्याला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन महिने आधीच हात घाला. प्रवासाला फोनमधल्या प्रतीवर विसंबू नका, छापील कार्डच न्या.

पासपोर्ट काढणार असाल तर साध्या ३६ पानी पुस्तिकेचं शुल्क १५०० रुपये आहे. अर्ज ऑनलाइन, मग अपॉइंटमेंट, मग पोलीस पडताळणी. अर्जावरचं नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षर न अक्षर जुळतंय का ते पाहा. आपल्याकडे वडिलांचं नाव कुठे लागतं, कुठे गळतं, आणि त्यावरच अर्ज परत येतो.

अकरावी-बारावीतले, म्हणजे १५ ते १८ वयाचे असाल तर शाळेच्या किंवा ज्युनिअर कॉलेजच्या प्राचार्यांचं विहित नमुन्यातलं ओळख प्रमाणपत्र लागतं. पण खरं सांगायचं तर या वयात घरच्या मोठ्या माणसाबरोबरच जा.

सोबत एवढं ठेवा :

- मूळ ओळखपत्र आणि त्याच्या दोन-तीन झेरॉक्स
- पासपोर्ट आकाराचे चार फोटो (सिम कार्ड घ्यायचं तर लागतात)
- कॉलेजचं ओळखपत्र
- जाण्या-येण्याच्या तिकिटाची छापील प्रत
- घरचे दोन फोन नंबर, कागदावर लिहिलेले

झेरॉक्स एकमेकांच्या बॅगेत ठेवा. तुमची मित्राकडे, मित्राची तुमच्याकडे. एक बॅग हरवली तरी कागद राहतो.

४. सोबती आणि सामाईक पाकीट

जवळचा मित्र हा प्रवासाचा चांगला सोबती असतोच असं नाही. एकाला पहाटे उठून फिरायचं असतं, दुसऱ्याला नऊपर्यंत झोपायचं असतं. एक टपरीवर पोट भरतो, दुसऱ्याला हॉटेलातच बसायचं असतं. हे घरून निघण्याआधी एकदा बसून बोला : रोजचा खर्च जास्तीत जास्त किती, खोली कशी चालेल, कोणाला काय खायचं नाही.

पैशांसाठी आम्ही जी पद्धत ठेवली ती मनापासून सुचवतो. दोघांनी सारखी रक्कम काढायची आणि एका वेगळ्या पाकिटात टाकायची. बस, खोली, जेवण, सायकल, तिकिटं, सगळं त्यातूनच. स्वतःसाठीची खरेदी स्वतःच्या खिशातून. पाकीट एकाकडे, वहीत खर्च लिहायचं काम दुसऱ्याकडे. रात्री झोपण्याआधी वही आणि पाकीट जुळवायचं. यानं ‘मागच्या वेळी मी दिले होते’ हा विषयच निघत नाही. दोस्ती टिकवायची असेल तर हे पाकीट रेल्वेच्या तिकिटाइतकंच गरजेचं आहे.

घरी खरं सांगून जा. ‘कथा जाई ऱ्हायना रे भो?’ असं आजोबांनी विचारलं की ‘नाशिकला’ म्हणून सुटू नका. परदेशात काही अडचण आली तर पहिला फोन घरीच लावावा लागतो.

५. रेल्वेचं तिकीट

लोकमान्य टिळक टर्मिनसहून गोरखपूरला जाणारी कुशीनगर एक्स्प्रेस भुसावळला थांबते आणि खंडवा, भोपाळ, झाशी, कानपूर, लखनौ करत गोरखपूरला नेते. काशी एक्स्प्रेसही गोरखपूरलाच जाते, पण जबलपूर, प्रयागराज, वाराणसीवरून वळसा घालून. वेळ कमी असेल तर पहिली धरा. नंदुरबारकडच्या मंडळींना तापी मार्गानं भुसावळ गाठता येतं, धुळ्याहून एसटीनं जळगाव आणि तिथून पुढे.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. उत्तरेकडच्या या गाड्यांना बारमाही गर्दी असते, म्हणून पहिल्या काही दिवसांतच काढा, आणि परतीचंही त्याच बेतानं. जाण्याचं पक्कं, येण्याचं ‘बघू’ असं निघू नका. वेटिंगवरचं ऑनलाइन तिकीट कन्फर्म झालं नाही तर आपोआप रद्द होतं, आणि खिडकीवरच्या वेटिंग तिकिटावरही स्लीपरच्या डब्यात बसू देत नाहीत. तत्काळवर भिस्त ठेवायची असेल तर रेल्वेच्या खात्याची आधार पडताळणी आधीच करून ठेवा, जुलै २०२५ पासून ती सक्तीची आहे.

६. खर्चाचा अंदाज

हा एका माणसाचा, भारतीय रुपयांत, भुसावळपासून भुसावळपर्यंतचा अंदाज आहे. भाडी वर-खाली होतात, म्हणून हात थोडा सैल ठेवूनच धरलाय.

- रेल्वे स्लीपर, जाऊन-येऊन : १३०० च्या आसपास
- गोरखपूर–सोनौली बस, जाऊन-येऊन : ३५० ते ४००
- सीमा–भैरहवा (सीमेपलीकडचं पहिलं शहर)–लुंबिनी, जाऊन-येऊन : २०० ते ३००
- दोन रात्रींची खोली, दोघांत वाटून : ८०० ते १०००
- खाणं-पिणं : १००० ते १२००
- सायकल, प्रवेश तिकिटं, किरकोळ : ५००
- हात न लावायचे पैसे : १५००

म्हणजे सहा हजार घेऊन निघालात तर दीड हजार बहुतेक परत येतात. ते शेवटचे दीड हजार सामाईक पाकिटात टाकू नका, बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवा.

७. आयसी की एनसी?

नेपाळी रुपया भारतीय रुपयाला १९९३ पासून बांधलेला आहे : आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. सीमेच्या आसपास दुकानदार दोन शब्द वापरतात. ‘आयसी’ म्हणजे भारतीय चलन, ‘एनसी’ म्हणजे नेपाळी. कुठलाही भाव ऐकला की आधी विचारा, आयसी की एनसी? रिक्षावाला ‘दोनशे’ म्हणाला आणि तुम्ही मुकाट्यानं भारतीय दोनशे काढून दिलेत, तर १२५ च्या जागी २०० गेले. ही फसवणूकच असते असंही नाही, बऱ्याचदा समजुतीचा घोटाळा असतो. पण पैसे तुमचेच जातात.

नोटा शंभराच्या आणि त्याखालच्या न्या. शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर नेपाळनं डिसेंबर २०१८ मध्ये बंदी आणली होती, आणि त्या नियमात पुढे बदल होत राहिले. टपरीवाला मात्र आजही शंभराची नोट डोळे झाकून घेतो, पाचशेची बघून विचारात पडतो. गावातल्या बँकेतून शंभराचं एक बंडल घेतलं की काम झालं. फाटक्या, लिहिलेल्या नोटा काढून टाका.

सीमेवर नोटा बदलून देणारे बरेच बसलेले असतात. थोडेच बदला, दोघांत मिळून हजारभर पुरे. भैरहवा आणि लुंबिनीत आपले शंभर सरळ १६० च्या भावानं चालतात. मात्र उरलेले नेपाळी पैसे परत येताना तिथेच खर्च करा, गोरखपूरला ते कोणी घेत नाही.

यूपीआयबद्दल : मार्च २०२४ पासून नेपाळातल्या फोनपे नावाच्या तिथल्या जाळ्याच्या क्यूआरवर भारतीय यूपीआय चालायला लागलं आहे. आपल्याकडचं फोनपे ते वेगळं. निघण्याआधी ॲपमध्ये परदेशातल्या व्यवहाराची सोय चालू करून ठेवा. बँकेला जोडलेलं सिम फोनमधून काढू नका. पण याच्यावर पोट अवलंबून ठेवू नका, सायकलवाला रोखच मागतो.

८. बॅगेत काय

एकच पाठीवरची बॅग. सीमा चालत ओलांडायची आहे, चाकांची बॅग धुळीत ओढत नेणं जिवावर येतं.

डासांसाठी मलम विसरू नका, तराईत डास भारी. फोनमध्ये भैरहवा-लुंबिनीचा नकाशा आधीच उतरवून ठेवा. सोबत एक पातळ पंचा, टॉर्च, आणि उन्हाळ्यात-हिवाळ्यात दोन्ही वेळी कामाला येणारे जाडसर पायमोजे. का, ते पुढे कळेल. ड्रोन घरी ठेवा, त्याला परवानगी लागते.

खाण्याचं आईवर सोपवा. दुधात मळलेल्या दशम्या दोन-तीन दिवस मऊ राहतात. त्यांच्यासोबत शेंगदाण्याची चटणी, लोणचं आणि केळीचे वेफर्स. जाण्याच्या प्रवासात एकदाही बाहेरचं जेवण घ्यावं लागत नाही, आणि डब्यातल्या शेजाऱ्यांशी ओळख होते ती याच डब्यामुळे. भुसावळला गाडी येण्याआधी डझनभर केळी घेऊन ठेवा.

९. गोरखपूर ते सोनौली

स्टेशनाबाहेर पडलात की ‘सोनौली, नेपाळ, काठमांडू’ अशा हाका सुरू होतात. न थांबता उत्तर प्रदेश परिवहनच्या बस स्थानकाकडे चालत जा, ते स्टेशनाजवळच आहे. पाटीवर ‘सोनौली’ लिहिलेली सरकारी बस घ्या. तीनेक तास लागतात.

इथला सापळा म्हणजे ‘थेट’ तिकीट. गोरखपूरहून नेपाळातल्या मुक्कामापर्यंतचं एकच तिकीट आधीच पैसे घेऊन देणारे लोक भेटतात. सीमेपलीकडे ती बस असेलच याची खात्री काय? प्रत्येक टप्प्याचे पैसे त्या-त्या टप्प्यावर द्या. रेल्वेही आहे, गोरखपूरहून नौतनवापर्यंत, आणि नौतनव्याहून सोनौली अगदी जवळ. पण तिच्या वेळा जुळल्या तरच.

१०. सीमा

सोनौलीच्या बस थांब्यावरून सीमेवरच्या कमानीपर्यंत चालत जाता येतं. रिक्षावाले दूर आहे म्हणतील. बॅगा तपासणारे जवान असतात, विचारलं तर सरळ उत्तर द्या : विद्यार्थी आहोत, लुंबिनी पाहायला चाललोय, अमुक दिवशी परत. कोणी अनोळखी माणसानं ‘एवढी पिशवी पलीकडे द्या’ म्हटलं तर घेऊ नका, कितीही साधा दिसला तरी. उजेड असतानाच ओलांडा.

कमानीच्या पलीकडे बेलहिया. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा, नेपाळची वेळ आपल्यापेक्षा तेवढी पुढे आहे. बसच्या वेळा त्या घड्याळावर असतात. पाट्या सगळ्या देवनागरीत, त्यामुळे मराठी माणसाला वाचायला काहीच अडत नाही. फक्त तिकिटावर तारीख विक्रम संवताची असू शकते. साल आपल्यापेक्षा छप्पन्न-सत्तावन्नने पुढचं आणि महिना वैशाख-जेठ असा. आगाऊ तिकीट काढाल तर आपली इंग्रजी तारीख त्यावर लिहून घ्या. आठवड्याची सुट्टी तिथे पूर्वापार शनिवारी असते, हेही ध्यानात असू द्या.

बेलहियाहून टेम्पो किंवा ई-रिक्षानं भैरहव्याचा बुद्ध चौक, तिथून लुंबिनीची लोकल बस. उतरायचं लुंबिनी बजारला. स्वस्त लॉज तिथेच आहेत. खोली आधी पाहा, पंखा आणि मच्छरदाणी बघा, भाव एनसीमध्ये ठरवा, मगच बॅग खाली टाका. कोरियन विहारात यात्रेकरूंच्या मुक्कामाची साधी सोय असते. तिकडे राहायचं तर आधी चौकशी करा, आणि तिथली शिस्त पाळायची तयारी ठेवा.

११. लुंबिनीत दोन दिवस

पहिल्या दुपारी फार धावपळ नको. सायकल भाड्यानं घ्या. ब्रेक आणि कुलूप दोन्ही तपासून घ्या. संपूर्ण परिसर साधारण पावणेपाच किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटर रुंद आहे. त्याचा आराखडा जपानी वास्तुरचनाकार केन्झो टांगे यांनी १९७८ मध्ये पूर्ण केला. दक्षिणेला जन्मस्थानाची बाग, मधून सरळ कालवा, कालव्याच्या पूर्वेला थेरवादी (म्यानमार, थायलंडकडच्या बौद्ध परंपरेच्या) देशांचे विहार, पश्चिमेला महायान (चीन, तिबेटकडच्या) परंपरेचे, आणि उत्तरेच्या टोकाला पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप. हा नकाशा डोक्यात बसला की चुकायला होत नाही.

मायादेवी मंदिर पहाटे पाहा. तिकीट आधी घ्या, सार्क देशांच्या नागरिकांना इतर परदेशी पाहुण्यांपेक्षा कमी दर आहे, तेव्हा ओळखपत्र दाखवा. चपला बाहेर काढून बराच वेळ अनवाणी चालावं लागतं. हिवाळ्यात फरशी गार, उन्हाळ्यात चटके देणारी. पायमोजे त्यासाठी. आत फोटोला मनाई आहे.

बाहेरून साधी पांढरी इमारत, आत विटांचे जुने पाये उघडे ठेवलेले. त्यांच्या कडेकडेनं फिरत तुम्ही मध्यभागी येता. तिथे काचेखाली एक ओबडधोबड दगड आहे, जन्माची नेमकी जागा दाखवणारा. १९९६ मध्ये उत्खननात तो सापडला. त्याच्या वर एक शिल्प. मायादेवी उजव्या हातानं झाडाची फांदी धरून उभी आहे. चेहरे इतके झिजलेत की नाक-डोळे राहिलेले नाहीत, पण उचललेला हात आणि शरीराचा बाक लख्ख कळतो.

इथे अजिंठ्याचा उपयोग होतो. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेणीत मायादेवीचं स्वप्न आणि बुद्धजन्म रंगवलेला आहे. जळगावहून एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. लुंबिनीला निघण्याआधीच्या एखाद्या रविवारी ती लेणी नीट पाहून या (सोमवारी लेणी बंद असतात). शाळेच्या सहलीत आपण तिथून पळत-पळत गेलेलो असतो. ती चित्रं ताजी असली की लुंबिनीतलं झिजलेलं शिल्प तुम्हाला आपोआप भरून दिसतं.

मंदिराच्या मागे अशोकस्तंभ. लोखंडी कठड्यात उभा, फार उंच नाही, त्यामुळे बरेच जण फोटो काढून पुढे जातात. थांबा. त्याच्या अंगावर ब्राह्मी लिपीत पाच ओळी आहेत, आणि त्या उघड्या डोळ्यांनी दिसतात. त्यांचा आशय असा : राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर देवांचा प्रिय राजा स्वतः इथे आला, त्यानं पूजा केली, कारण शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले. आणि लुंबिनी गावाचा कर त्यानं माफ केला, पिकाचा वाटाही आठव्या हिश्शावर आणला. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलाला शेवटची ओळ वाचून काय वाटतं ते मी वेगळं सांगायला नको. हा लेख १८९६ मध्ये उजेडात आला आणि जन्मस्थान कुठलं हा प्रश्न सुटला.

शेजारी पुष्करिणी तलाव आणि पिंपळाचं मोठं झाड, फांद्याफांद्यांना बांधलेल्या रंगीत पताका. झाडाखाली वेगवेगळ्या देशांचे भिक्खू बसून पठण करतात. मध्ये बोलू नका, समोर जाऊन फोटो घेऊ नका. महाराष्ट्रातल्या यात्रेकरूंच्या बसगाड्याही इथे येतात. नोव्हेंबर १९५६ मध्ये बाबासाहेब आंबेडकर काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला आले होते. त्यानंतरच्या पिढ्यांसाठी लुंबिनी ही जिव्हाळ्याची यात्रा आहे. पर्यटक म्हणून गेलात तरी हे भान असू द्या.

उरलेला दिवस विहारांसाठी. सगळे पाहायचा हट्ट धरू नका, डझनाच्या वर आहेत. म्यानमारचा सोनेरी, थायलंडचा संगमरवरी, पश्चिमेकडचा जर्मनांच्या मदतीनं बांधलेला कमळ-स्तूप, ज्याच्या आतल्या भिंती बुद्धचरित्रानं रंगवलेल्या आहेत, आणि चीनचा विहार, एवढे पुरे. दुपारी बरेच विहार तास-दोन तास बंद असतात. ती वेळ जेवणाला द्या. संग्रहालय मंगळवारी बंद. संध्याकाळी उत्तरेच्या स्तूपाकडे जा. आसपासच्या पाणथळ शेतांत सारस क्रौंचाची जोडी दिसण्याची शक्यता असते. माणसाच्या उंचीचा पक्षी, लाल डोकं, आणि हाक दूरवर जाणारी.

जेवणात डाळ-भात-तरकारी मागा. भात आणि डाळ पोटभर वाढतात, त्यामुळे दोन वेळचं एका वेळी होतं. मोमो आहेतच. पाणी बाटलीबंद किंवा उकळलेलंच प्या.

१२. तिसरा दिवस हाताशी असेल तर

दोन पर्याय. सपाटीवरच राहायचं तर तिलौराकोट, शाक्यांच्या कपिलवस्तूचे अवशेष, पश्चिमेला तासाभराच्या अंतरावर. तटबंदीचे आणि दरवाजांचे विटांचे पाये दिसतात. गर्दी नाही, सावलीही कमी.

डोंगर बघायचा तर बुटवलमार्गे तानसेन. खान्देशातून गेलेल्याला पहिला खरा घाट इथेच भेटतो. जुना बाजार, दगडी गल्ल्या, आणि खाली काली गंडकीच्या काठी राणी महल. तो खड्ग शमशेर राणा यांनी पत्नीच्या स्मरणार्थ बांधला. १८९६ मध्ये अशोकस्तंभाच्या उत्खननाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे तेच हे पाल्प्याचे (तानसेन ज्या भागात येतं त्या पाल्पाचे) खड्ग शमशेर. तानसेनला मुक्काम करावा लागतो, त्याशिवाय जाऊ नका.

१३. परतीचं गणित

परतीच्या गाडीच्या दिवशी लुंबिनीत काही पाहायचं ठेवू नका. गाडीच्या वेळेआधी आठ तास लुंबिनी सोडा : दोन तास सीमेपर्यंत, एक तास ओलांडणं आणि बस मिळणं, तीन-साडेतीन तास गोरखपूर, उरलेला वेळ उशिरासाठी. घड्याळ १५ मिनिटं मागे करायचं ते कमानीतच करा.

ओळखपत्र हरवलंच तर आधी जवळच्या नेपाळ पोलीस चौकीत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. पासपोर्ट हरवला असेल तर काठमांडूच्या भारतीय दूतावासाशी संपर्क करा. त्यांचा आणीबाणीचा नंबर निघण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावरून वहीत उतरवून ठेवा.

गोरखपूर स्टेशनाचा मुख्य फलाट १३६६ मीटर लांब आहे. हुबळीचा नवा फलाट होईपर्यंत तो जगातला सर्वांत लांब होता. एका टोकाला तुम्ही आणि दुसऱ्या टोकाला तुमचा डबा असं झालं तर पाठीवर बॅग घेऊन पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. म्हणून अर्धा तास आधी फलाटावर या, डब्यांचा क्रम दाखवणारा फलक बघा, आणि पाणी, पुरी-भाजी घेऊन आपल्या डब्याच्या जागी जाऊन उभे राहा. भुसावळला गाडी अवेळी पोचणार असेल तर आदल्या संध्याकाळीच घरी फोन करून कळवा, आणि फोनमध्ये गजर लावून झोपा, कारण गाडी पुढे थेट मुंबईला जाते.